सहावी वाटी

दिवस रमजान ईदेचा दुसरा. रक्कम साडेसात रुपये. हजर आम्ही दोघंच: मी आणि दौंडच्या बाजारातले भांड्यांचे दुकानदार. त्यांनी स्टीलची वाटी तराजूत टाकली, वजन सांगितलं आणि विचारलं, "नाव घालायचं का पोरी?" मी नको म्हटलं. घालायचं तर कुणाचं घालणार? वाटी जाड होती, काठाला गोल वळवलेली. त्या काळात स्टीलची वाटी ही आहेरात द्यायची गोष्ट होती, त्यामुळे आपण कुणाचं काही बुडवत नाही अशी माझी मनोमन खात्री होती. उलट दोन-तीन रुपये जास्तच देतोय, असा हिशेब मी दुकानापासून घरापर्यंत करत आले. आज माझ्या शिरूरच्या घरात चोवीस स्टीलच्या वाट्या आहेत आणि त्यातली एक कमी झाली तर मी सुनेला विचारते. तिला वाटतं, सासूचा स्वभावच मोजण्याचा. तसं नाही. ते तेव्हापासूनचं आहे.

मी मूळची कवठे येमाईची. वडिलांचा झेंडूचा मळा होता, घरात आम्ही चार भावंडं, आणि गावातली शाळा सातवीला संपायची. आईचा थोरला भाऊ दौंडला रेल्वेत होता. मामी पहिल्या बाळंतपणात गेल्या, मूलही राहिलं नाही, आणि मामांनी दुसरं लग्न केलं नाही. तेव्हा असं ठरलं की सुमननं दौंडला जाऊन मामांच्या भाकरी कराव्या आणि हायस्कूलही करावं. ठरवताना मला कुणी विचारलं नाही, पण कुणी वाईट वागवून पाठवलं असंही नाही. आईनं एस.टी.त बसवताना आठ रुपये परकराच्या नेफ्यात बांधून दिले. "दिवाळीला येण्याजाण्याचे हायती. मोडू नको," म्हणाली. शिरूरपर्यंतचं एकेरी तिकीट तीन रुपये ऐंशी पैसे होतं, तिथून कवठ्याला वडिलांची फुलांची बैलगाडी असे. दोन्ही वेळचे सात रुपये साठ, वर चाळीस पैसे. हे आकडे मी रोज झोपण्याआधी मनात म्हणायचे, दुसरी मुलं शुभं करोति म्हणतात तसे.

मामांचं रेल्वेचं क्वार्टर दोन खोल्यांचं. पुढं गाड्यांची ये-जा आणि मागं शंटिंगचं यार्ड. डबे एकमेकांवर आदळले की फळीवरच्या ताटल्या किणकिणत. चूल पेटवली की आमचा धूर आणि इंजिनाचा धूर दारातच एक व्हायचा. मामा फिटर होते. त्यांचं काम गाडी थांबली की लांब दांड्याच्या हातोडीनं एकेक चाक ठोकत जाण्याचं होतं. चाक नीट असेल तर घंटेसारखं वाजतं, चीर असेल तर आवाज बसका येतो. आयुष्यभर ऐकण्याचंच काम केल्यामुळे की काय, त्यांना बोलण्याची सवय नव्हती. "भाकर झाली?" "दार लावून घे." "येतो." एका दिवसाचे मी शब्द मोजले होते, एकोणीस भरले. त्यात रागाचा एकही नव्हता. शाळेतून आल्यावर मी पीठ मळायचे, शेंगदाण्याची आमटी करायचे, ठेचा रगडायचे आणि मग दाराशी बसून मालगाडीचे डबे मोजायचे. बोलायला कुणी नसलं की माणूस मोजायला लागतो.

मामांच्या खाटेखाली एक लाकडी पेटी होती. आत सहा कप्पे, प्रत्येकात भुस्सा, आणि पाच कप्प्यांत पाच काचेच्या वाट्या. सुट्टीच्या दिवशी दुपारी ते पेटी दारातल्या उन्हात घेत आणि एकेक वाटी पुसत. पहिल्यांदा त्यांनी मला त्या दाखवल्या तेव्हा मला वाटलं, आत काही पेटलंय. सोनेरी रंग, पण नुसता सोनेरी नाही. वाटी जरा फिरवली की जांभळा, आणखी फिरवली की मोरपंखी हिरवा, आणि काठाशी जास्वंदीसारखा लाल. यार्डातल्या डबक्यावर तेलाचा तवंग पसरतो ना, तसे ते रंग, पण इथं स्वच्छ आणि स्थिर.

"जर्मनीच्या हायती," मामा म्हणाले. रेल्वेच्या शाळेतल्या एक म्हाताऱ्या मिसबाई नोकरी संपवून परदेशी बहिणीकडे कायमच्या जायला निघाल्या, तेव्हा त्यांनी घरातलं सामान विकलं. त्यात मामांनी ही पेटी घेतली. पाचच वाट्या कशा, असं त्यांनी विचारलं तेव्हा मिसबाई म्हणाल्या, एखादी फुटली असेल, आठवत नाही. पण काच ओळखायची कशी, हे मात्र त्यांनी नीट शिकवलं, आणि मामांनी ते मला शिकवलं. आमच्यात जे काही बोलणं झालं ते या वाट्यांवरूनच.

वाटी आधी उजेडाच्या आड, म्हणजे उजेड तिच्यातून आपल्याकडे येईल अशी, धरायची. तेव्हा ती साध्या मधाच्या रंगाची दिसली पाहिजे, बाकी काही नाही. मग उजेड तिच्यावर पडू द्यायचा, आणि सगळे रंग तेव्हा आले पाहिजेत. जत्रेतल्या फुलदाण्यांचा रंग दोन्हीकडून सारखाच दिसतो, कारण तो वरून फासलेला असतो. नखानं काठावर टिचकी मारायची आणि आवाज विरेपर्यंत थांबायचं. काठाजवळ डोळा नेऊन बघायचं: सायीवर पडते तशी बारीक सुरकुत्यांची जाळी हवी. आणि सगळ्यात शेवटी वाटी पालथी करायची. बुडाशी, जिथं कारागिरानं ती लोखंडी सळईवरून तोडली, तिथं घासून गुळगुळीत केलेला गोल खळगा असतो. "माणूस तोंडावरनं वळखू नये, आन् काच वरनं," मामा म्हणाले. त्यांच्या तोंडून ऐकलेला एवढा एकच विनोद. सहावी वाटी ते अकरा वर्षं शोधत होते. भंगाराची दुकानं, बाजार, कुणी क्वार्टर सोडलं की तिथली अडगळ. पेटी मात्र त्यांनी घराबाहेरच्या कुणाला दाखवली नव्हती.

क्वार्टरला लागूनच यार्डाची भिंत होती, तिच्या पलीकडे एक गल्ली. तिथं रशीदचाचा राहत. ते भांड्यांना आतून कथलाची कल्हई करत. गल्लीच्या तोंडाशी जमिनीत त्यांची भट्टी, चामड्याचा भाता, आणि नवसागर टाकला की उठणारा पांढरा धूर. मामांची पितळी भांडी त्यांच्याकडेच जात. त्यांची बायको हमीदाचाची मला भिंतीवरून हाक मारायची, "सुमन, जेवलीस का गं?" दिवसभरात हा प्रश्न विचारणारं तेवढं एकच माणूस होतं.

त्या ईदेला मामा तीन दिवसांच्या कामावर मनमाडकडे गेले होते. दुपारी चाचीनं भिंतीवरून शीरखुर्मा दिला, वर विणलेला रुमाल झाकून. "गरम हाय तवाच खा. मामांचा वाटा ठेव." मी चुलीपाशी बसून खाल्ला. शेवया, खारीक, चारोळी, तुपाचा वास. मामांचा वाटा दुसऱ्या भांड्यात काढला, आणि रिकामी वाटी उचलली तेव्हा दारातलं ऊन तिच्यावर पडलं.

मी वाटी घेऊन उठले. धुऊन उजेडाच्या आड धरली: मध. उजेडात धरली: जांभळा, मोरपंखी, लाल. टिचकी मारली, आवाज लांब गेला. काठाला सुरकुत्यांची जाळी. पालथी केली, तर घासलेला गोल खळगा, आणि त्याच्या शेजारी तीन बारीक रेघा, मधली लांब. पाच वाट्यांवर असं काही नव्हतं. मला वाटलं, हा कारखान्याचा शिक्का, म्हणजे ही त्या पाचांहून अस्सल. पेटी ओढली, सहाव्या कप्प्यात वाटी ठेवली. इतकी नेमकी बसली की भुस्सासुद्धा सारावा लागला नाही.

मामांना खरं सांगितलं तर ते त्याच क्षणी वाटी परत पाठवतील, हे मला माहीत होतं. त्यांनी आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. आणि मला, का ते आज लिहितानाही नीट सांगता येत नाही, ही वाटी माझ्या हातून त्यांना मिळायला हवी होती. त्यांनी ती बघावी आणि माझ्याशी बोलावं. पण शेजाऱ्याचं भांडं आलं की परत गेलंच पाहिजे, आणि रिकामं जाता कामा नये, हे तर मला बोलता येण्याआधीपासून माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मी नेफ्याची गाठ सोडली. आठातले साडेसात गेले, पन्नास पैसे उरले. स्टीलच्या वाटीत काठोकाठ साखर भरली आणि भिंतीवरून चाचीला दिली. तिनं वाटी बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "एवढी साखर कशाला गं." बाकी काही नाही.

मामा परत आले, आंघोळ केली, जेवले. रविवारची दुपार होती. मी पेटी स्वतःच ओढून उन्हात ठेवली आणि झाकण उघडलं. त्यांनी सहाव्या कप्प्यावर बोट ठेवलं.

"कुठनं?"

"बोहारीण आली होती. जुन्या परकरावर घेतली."

आणि मामा बोलायला लागले. मी आजवर कुणाला एवढं बोलताना ऐकलेलं नाही असं नाही, पण त्यांना कधीच नव्हतं. ही पेटी त्यांनी मामींना दिवस गेले तेव्हा घेतली होती. बारशाला सहा सवाष्णी जेवायला बोलवायच्या आणि या वाट्यांतून श्रीखंड वाढायचं, असं मामींनी ठरवलं होतं. पाचच आहेत म्हटल्यावर मामी म्हणाल्या होत्या, सहावी शोधा, अजून चार महिने आहेत. मामा हे सांगत होते, हसत होते, एकेक वाटी वाजवून दाखवत होते. "ही ऐक. आन् आता ही." मी गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. कवठ्याहून निघाल्यापासून मला पहिल्यांदाच घरात असल्यासारखं वाटत होतं.

मग त्यांनी भिंग घेतलं आणि नवी वाटी पालथी केली.

"शिक्का आहे मामा, बघा," मी म्हटलं. "कारखान्याचा. बाकीच्यांना नाही."

त्यांनी बघितलं. भिंग खाली ठेवलं. "बोहारीण कुठली म्हणालीस?"

"पाटसची."

"तिच्यापाशी कानस व्हती काय?" त्यांनी फळीकडे बोट दाखवलं. "आपलं पातेलं आन."

मी पितळी पातेलं आणलं. त्यांनी ते पालथं करून वाटीशेजारी ठेवलं. पातेल्याच्या बुडाला दोन रेघा होत्या. कल्हईवाल्याकडे वीस घरांची भांडी एकत्र येतात. कुणाचं कुठलं ते कळावं म्हणून तो प्रत्येक घराची खूण कानशीनं ओढतो. आमच्या घराची खूण दोन रेघा. रशीदचाचांच्या स्वतःच्या घराची, मग भांडं काचेचं का असेना, तीन, मधली लांब. आमच्या सगळ्या भांड्यांवर त्या दोन रेघा होत्या, मी त्या रोज राखेनं घासत होते, आणि जर्मनीचा शिक्का म्हणून मी चाचांची कानस वाचली होती.

मी सगळं सांगितलं. मामा ओरडले नाहीत. त्यांनी पाच वाट्या पाच कप्प्यांत ठेवल्या आणि सहावी धुतलेल्या पंच्यात गुंडाळून फळीवर ठेवली. "सकाळी दोघंबी जाऊ," म्हणाले. त्यानंतर त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. मी मोजलेही नाहीत.

सकाळी मामांनी वाटीत साखर भरली आणि पेटी काखेत घेतली. पेटी का, हे मी विचारलं नाही. भिंतीला वळसा घालून क्वार्टरपासून गल्लीच्या तोंडापर्यंत चारशे पावलं होती. अकरा वर्षं मामा जी वाटी शोधत होते ती चारशे पावलांवर होती, आणि त्या दोन घरांत रोज हाका मारल्या जात होत्या.

चाचा भट्टी पेटवत होते. मामांनी वाटी पुढं केली. "रशीदभाई, ही तुमची. पोरीनं ठेवून घेतली व्हती. मला न विचारता."

आतून पडद्याआडून चाची बाहेर आली. "अगं बाई, हाय व्हय?" तिनं कपाळाला हात लावला. "स्टीलची आली तवा मी म्हटलं, पोरीच्या हातनं फुटली आन् भ्याली. मीच ह्यांना सांगितलं, इचारू नका म्हणून." ती माझ्याकडे वळली. "मग हाय तर रडतीस कशाला?"

मामांनी पेटी ओट्यावर ठेवून उघडली. चाचा हात पुसत आले आणि वाकून बघत राहिले. "फिटरसाहेब, एवढ्या वर्षांत एक शब्द न्हाई बोललात," ते म्हणाले. "ही मिसबाईंनी दिली मला. जाताना सगळ्या भांड्यांना कल्हई करून घेतली, सुटे पैसे नव्हते, म्हणाल्या, ही घे. मला वाटलं, एकच हाय दुनियेत."

"काच तापलेली असताना कथलाची धुरी देतात म्हनं," मामा म्हणाले. "त्यानं रंग येतो. मिसबाईच सांगत व्हत्या."

"कथलाची?" चाचांनी वाटी उन्हात फिरवली, मग आपल्या भट्टीकडे बघितलं, आणि हसले. "म्हंजी आमचंच काम की. तिकडचा कोण कल्हईवालाच म्हणायचा." दोघं मग भट्टीपाशी उकिडवे बसून बोलले. धूर किती वेळ द्यावा, भांडं किती लाल हवं. मी आणि चाची उभ्याच होतो. थोड्या वेळानं चाचांनी सहावी वाटी रिकामी केली, आणि स्वतःच्या हातानं पेटीच्या कप्प्यात ठेवली. "घेऊन जा साहेब. पाच बहिणी तुमच्याकडं, हिनं एकटीनं इथं काय करायचं?"

मामांनी वाटीवर हात ठेवला. मला वाटलं, झालं. बोटांनी त्यांनी काठ चाचपला, पूर्ण एक फेरी. मग ती उचलून चाचीच्या हातात दिली.

"कालपरवा इचारून आलो असतो अन् तुम्ही दिली असती, तर डोक्यावर घेऊन गेलो असतो, रशीदभाई. आता नेली तर ती हिनं नेलेलीच व्हईल."

चाचांनी पुन्हा आग्रह केला नाही. माणसाला कुठं थांबायचं ते त्यांना कळत होतं. मला मात्र तेव्हा कळलं की मी नुसतं तोंड उघडलं असतं, ही कुणाची आहे एवढंच मामांना सांगितलं असतं, तर पेटी त्याच आठवड्यात पूर्ण झाली असती. मी आणली म्हणूनच ती आली नाही.

चाची स्टीलची वाटी परत द्यायला लागली. मामा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. भरून आलीय ती." पुढच्या ईदेला शीरखुर्मा आला तो त्या स्टीलच्या वाटीत. त्याच्या पुढच्या ईदेलाही. काचेची वाटी आमच्या घरी पुन्हा आली नाही. चाचीनं ते मुद्दाम केलं की मला जपायला केलं, हे मी कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला ती नाही. चाचा गेल्यावर त्यांचा मुलगा चाचीला घेऊन कुरकुंभला कंपनीजवळ राहायला गेला. वाटीचं काय झालं, मला माहीत नाही. मामांची पेटी माझ्याकडे आली. मध्यंतरी पुण्याचे एक गृहस्थ जुनी काच बघायला आले होते. त्यांनीही आधी उजेडाच्या आड धरली, मग उजेडात, मग टिचकी मारली, मग पालथी केली, तेव्हा मला ते आवडले. पाचांचे त्यांनी जे पैसे सांगितले, सहा असत्या तर त्याच्या दुपटीहून जास्त देणार होते. "सहावी कुठं गेली ताई?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पाचच आहेत. पाचही विकल्या नाहीत.

त्या सकाळी गल्लीतून परत येताना मामांनी विचारलं, "स्टीलची केवढ्याला घेतलीस?"

"साडेसात."

"कुठनं आणलेस?"

मी नेफ्याकडे हात नेला. ते थांबले नाहीत, पण चाल मंदावली.

दिवाळीच्या आदल्या दिवशी मी भाकरी करून ठेवत होते. मामा धुतलेला सदरा घालून दारात उभे होते, हातात माझी पिशवी. आम्ही स्टँडवर गेलो. मला गाडीत बसवून ते खाली उतरतील असं मला वाटलं होतं, पण ते माझ्या शेजारी बसले. मामी गेल्यापासून ते बहिणीकडे, म्हणजे आमच्या घरी, एकदाही गेले नव्हते. गाडी सुटल्यावर कंडक्टर आला.

"दोन शिरूर," मामा म्हणाले.

त्यांनी आठ रुपये दिले. सुटे नव्हते म्हणून कंडक्टरनं तिकिटाच्या पाठीवर चाळीस पैसे बाकी लिहून दिली, आणि वाटेत न्हावऱ्याला ती चुकती केली. ते चाळीस पैसे मामांनी मोजले आणि माझ्या मुठीत ठेवले. एकूण दिले सात रुपये साठ पैसे, कंडक्टरला.